विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट: मोकळी केलेली जागा ‘अनयूजेबल’ का दिसते?

अक्षरजुळणी

नमस्कार. मी घरूनच डीटीपीची कामे करते. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल अशी ती कामे असतात आणि गेल्या वीस वर्षांतला बहुतेक मजकूर श्रीलिपीच्या युनिकोडपूर्व टंकांत, पेजमेकरच्या फायलींत साठलेला आहे. त्यामुळे विंडोज सोडणे मला परवडणारे नाही. दुसरीकडे माझा लॅपटॉप २०१८ सालचा आणि इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा असल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, आणि विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. म्हणून असे ठरवले की ईमेल, बँकेचे व्यवहार आणि इंटरनेटची सगळी कामे लिनक्सवर करावीत व विंडोज केवळ अक्षरजुळणीपुरते, शक्यतो इंटरनेट न जोडता, ठेवावे.

लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. मूळची १ टीबीची हार्ड डिस्क फार संथ चालू लागल्याने २०२१ मध्ये एका तंत्रज्ञाकडून ती काढून ४८० जीबीची एसएसडी बसवून घेतली आणि त्यानेच विंडोज १० नव्याने टाकून दिले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले तर ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ नावाचा एक छोटा भाग, मग सी ड्राइव्ह, मग डी ड्राइव्ह आणि शेवटी रिकव्हरीचा एक लहान भाग असे चार भाग दिसतात.

मी डी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करून ८० जीबी जागा मोकळी केली, लिनक्स मिंट २२ चा पेनड्राइव्ह तयार केला आणि त्यावरून लॅपटॉप सुरू केला. मिंट पेनड्राइव्हवरून उत्तम चालले. वायफाय, आवाज, टचपॅड यांपैकी कशातही अडचण आली नाही. मात्र इन्स्टॉल करताना जिथे जागा निवडायची तिथे माझे ८० जीबी ‘फ्री स्पेस’ असे न दिसता ‘अनयूजेबल’ असे दिसतात आणि त्यांवर नवा भाग बनवण्याचे बटणच चालत नाही. विंडोजमध्ये परत येऊन त्या जागेवर नवा ड्राइव्ह बनवून पाहावा असे वाटले, पण तिथे ही डिस्क ‘डायनॅमिक’ होईल अशी सूचना आली. तिचा अर्थ न कळल्याने मी ‘नाही’ म्हटले आणि थांबले. जागा मोकळी असूनही ती वापरता का येत नाही, आणि माझ्या फायलींना धक्का न लावता पुढे जाण्याचा काही मार्ग आहे का?

चौथी_कडी

तुम्ही त्या सूचनेला ‘नाही’ म्हणालात हे फार बरे केलेत. डिस्क डायनॅमिक (म्हणजे भागांची नोंद विंडोजच्या खास रीतीने ठेवणारी) झाली असती तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला तिच्यावर काम करता आले नसते आणि ती पुन्हा साधी करण्यासाठी विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी डिस्कवरील सगळे भाग पुसावे लागले असते.

अडचणीचे मूळ तुमच्याच वर्णनात आहे: तुमच्या डिस्कवर आधीच चार भाग आहेत. डिस्कचे भाग कुठे सुरू होतात आणि केवढे आहेत याची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत एमबीआर. तिच्यात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांच्या खणातच सगळा संसार असतो: ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट भागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असल्यामुळे चारच नोंदी मावतात. पाचव्या भागासाठी डिस्कवर कितीही जागा असली, तरी तिची नोंद करायला ओळच शिल्लक नसते, म्हणून इन्स्टॉलर तिला ‘अनयूजेबल’ म्हणतो. नवी पद्धत जीपीटी. तिच्यात विंडोज १२८ भागांपर्यंतची सोय ठेवते.

तुमच्या लॅपटॉपबरोबर आलेले विंडोज बहुधा जीपीटी पद्धतीनेच टाकलेले असणार, कारण २०१८ पर्यंत तयार लॅपटॉपांत तोच प्रघात होता. एसएसडी बदलताना नवे विंडोज ज्या पेनड्राइव्हवरून टाकले तो जुन्या पद्धतीने सुरू झालेला असावा, आणि विंडोज ज्या पद्धतीने सुरू होते त्याच पद्धतीने स्वतःला बसवते: जुन्या पद्धतीने सुरू झाले तर एमबीआरवर, नव्या पद्धतीने झाले तर जीपीटीवर. याची खात्री करून घ्या. विंडोजमध्ये ‘सिस्टम इन्फर्मेशन’ उघडून ‘बायोस मोड’ या ओळीपुढे काय लिहिले आहे ते पाहा. तिथे ‘लेगसी’ (संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत) असेल तर माझा अंदाज बरोबर आहे. ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) असेल तर पुढचे काहीही न करता इथे पुन्हा लिहा.

लेगसी असल्यास माझ्या मते योग्य मार्ग असा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ‘एमबीआर-टू-जीपीटी’ नावाचे साधन विंडोजमध्येच दिले आहे. ते सी ड्राइव्हवरील काहीही न पुसता तक्ता जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत उतरवते आणि गरज पडल्यास विंडोजच्या भागातून थोडी जागा काढून बूटसाठी लागणारा ईएफआय भाग तयार करते. त्याची एक अट मात्र तुमच्या आड येते: डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी (थेट तक्त्यात नोंदलेले) भाग असावेत आणि एक्स्टेंडेड प्रकारचा (आत पोटभाग ठेवणारा) भाग मुळीच नसावा. म्हणजे तुम्हाला एक भाग काढावाच लागेल, आणि तो डी असणे सर्वांत सोयीचे. डीवरील सर्व फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. निदान पाच-दहा जुन्या फायली तिथून उघडून पाहा, कारण नुसते नाव दिसले म्हणजे प्रत नीट झाली असे होत नाही. सीवर काही महत्त्वाचे असेल तर त्याचीही प्रत घ्या. मग डी ड्राइव्ह काढून टाका.

त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या साधनाला आधी केवळ तपासणी करायला सांगा. तपासणीत अडथळा निघाला तर ते काहीही न बदलता थांबते. तपासणी निर्विघ्न झाली की प्रत्यक्ष रूपांतर करा. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते आधी तात्पुरते थांबवावे आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. रूपांतर झाल्यावर लॅपटॉप पुन्हा सुरू करताना बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘लेगसी’च्या जागी ‘यूईएफआय’ करायला विसरू नका. नाहीतर बूट करण्याजोगी डिस्कच नाही असा संदेश येतो आणि माणसाला वाटते की सगळेच गेले. प्रत्यक्षात काहीच गेलेले नसते.

मग बूट मेनूतून मिंटचा पेनड्राइव्ह निवडताना तो दोनदा दिसू शकेल, त्यातला ‘यूईएफआय’ असे लिहिलेला निवडा. विंडोज यूईएफआयने आणि लिनक्स लेगसीने सुरू होणारे असले तर दोघे एकाच मेनूत येत नाहीत. मिंटला किमान २० जीबी लागतात आणि १०० जीबी असावेत अशी त्यांचीच शिफारस आहे. तुमच्या कामाला १०० पुरेत, उरलेल्या जागेवर पुन्हा डी बनवा. इन्स्टॉलरमध्ये हाताने भाग निवडणार असाल तर ईएफआयच्या भागावर ‘फॉरमॅट’ची खूण मुळीच करू नका, कारण विंडोज सुरू करणाऱ्या फायली त्याच भागात असतात.

कॅडीवाला

वरील उत्तर शास्त्रशुद्ध आहे यात वाद नाही, पण ज्यांच्या पोटापाण्याच्या फायली त्या यंत्रावर आहेत त्यांनी चालत्या डिस्कचा तक्ता बदलावा का, हा प्रश्न मला पडतो. ताई, तुमच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून त्या जागी हार्ड डिस्क बसवण्याची कॅडी बाजारात काही शे रुपयांत मिळते. २०२१ मध्ये काढलेली जुनी १ टीबीची डिस्क घरात पडून असेलच. नाहीतर २५६ जीबीची छोटी एसएसडी घ्या. लिनक्स त्या स्वतंत्र डिस्कवर टाका, टाकतेवेळी विंडोजची डिस्क चक्क काढून ठेवा, आणि नंतर लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबून हवी ती डिस्क निवडा. दोन बिऱ्हाडांना दोन स्वतंत्र दारे असली की भांडणाचे कारण उरत नाही. मी सहा वर्षे असेच वापरतो आहे आणि एकाचे अपडेट दुसऱ्याच्या अंगावर आल्याचा अनुभव मला एकदाही आला नाही.

चौथी_कडी

कॅडीवाला यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि डेस्कटॉप असता तर मीही तेच सुचवले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटनंतर अनेकांच्या संगणकांवर त्याच डिस्कवरचे लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश देऊन बंद पडू लागले होते, हेही इथे सांगितले पाहिजे. अर्थात ती अडवणूक सिक्युअर बूटच्या (संगणक सुरू होताना खात्रीच्या प्रोग्रामांनाच वाट देणाऱ्या सोयीच्या) पातळीवरची होती, त्यामुळे दोन डिस्का असणाऱ्यांनाही तिच्यापासून पूर्ण संरक्षण नव्हते. जुनी फिरती हार्ड डिस्क मात्र लिनक्ससाठी वापरू नये. ज्या संथपणाला कंटाळून ती काढली तोच संथपणा परत येईल आणि दोष लिनक्सला दिला जाईल.

अक्षरजुळणी

दोघांचेही मनापासून आभार. माझ्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नाही, त्यामुळे पहिलाच मार्ग धरला. ‘बायोस मोड’पुढे लेगसीच होते. डीवरील ११० जीबी बाहेरच्या डिस्कवर उतरवायला एक संध्याकाळ गेली. रूपांतराला मात्र दोन मिनिटेही लागली नाहीत. बायोस बदलायला मी अर्थातच विसरले, काळा पडदा पाहून क्षणभर हातपाय गार पडले, आणि मग तुमचे वाक्य आठवले.

आता संगणक सुरू केला की मेनू येतो आणि दोन्ही प्रणाली नीट चालतात. मात्र चार दिवसांत दोन नव्या गोष्टी आढळल्या. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, फायली दिसतात, वाचता येतात, पण त्यांत काहीही साठवता येत नाही; कधी साठवता येते, कधी येत नाही, हे त्याहून चमत्कारिक. दुसरे असे की मिंट वापरून विंडोजमध्ये गेले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते. परवा रात्री एक वाजता तयार केलेल्या बिलावर त्यामुळे आदल्या दिवसाची तारीख पडली.

घड्याळजी

या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. पहिलीचे उत्तर या प्रश्नात आहे: विंडोज बंद करताना ते खरोखर काय करते आणि काय मागे ठेवते?

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आलेली आहे. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तुमचे उघडे प्रोग्राम बंद होतात, पण प्रणालीचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तो तिथूनच उचलला जातो. डी ड्राइव्हवर काय आहे याची विंडोजच्या मनातली यादीही त्यातच गोठलेली असते. अशा वेळी मिंटने डीवर काही लिहिले, तर जागे झालेले विंडोज आपली जुनी यादी खरी मानून चालेल आणि फायली बिघडतील. हे टाळण्यासाठी मिंट तो ड्राइव्ह केवळ वाचण्यापुरता उघडते. म्हणजे ज्याला तुम्ही बिघाड समजता आहात ती खरी तर राखण आहे. ‘कधी साठवता येते’ याचाही उलगडा होतो, कारण ‘रीस्टार्ट’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होऊन मगच पुन्हा सुरू होते. तुम्ही ज्या दिवशी रीस्टार्ट करून थेट मिंटमध्ये आलात, त्या दिवशी लिहिता आले असणार.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचे बटण काय करते ते ठरवण्याच्या पानावर, ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढून टाका. त्याचबरोबर विंडोजला ‘हायबरनेट’ करून मिंटमध्ये येण्याची सवय असेल तर तीही सोडा. कारण तेच आहे. कुठेतरी तुम्हाला असे सल्ले सापडतील की मिंटमध्ये अमुक आज्ञा देऊन ती गोठलेली स्थिती पुसून टाकावी आणि लिहायला लागावे. तसे करता येते, पण मग विंडोजमध्ये न साठवलेले काम त्याबरोबरच जाते, म्हणून मी तो सल्ला देत नाही.

आता घड्याळ. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारे एक घड्याळ असते. त्यात किती वाजले ते असते, पण कोणत्या गावचे वाजले ते नसते. विंडोज समजते की त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजते की त्यात जागतिक प्रमाणवेळ आहे. सकाळी दहा वाजता मिंटने इंटरनेटवरून वेळ पडताळून त्या घड्याळात साडेचार लिहिले, आणि विंडोजने ते साडेचार भारतातले मानले. तुम्ही विंडोज इंटरनेटला जोडतच नाही, त्यामुळे ती चूक आपोआप दुरुस्त होण्याची वाटही बंद आहे. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवावी लागते. मिंटला शिकवणे सोपे: टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेला ‘सेट-लोकल-आरटीसी’ हा शब्द आणि पुढे १ हा आकडा द्यायचा (लिहायचे अर्थातच रोमन लिपीत). आज्ञा दिल्यावर ही पद्धत काही ठिकाणी गोंधळ करू शकते असा इशारा मिंट देते. तो इशारा प्रामुख्याने उन्हाळ्यात घड्याळे पुढे करणाऱ्या देशांसाठी आहे. भारतात वर्षभर एकच वेळ असल्याने आपल्याला त्याची चिंता नाही.

राइनकाठी

घड्याळजींच्या शेवटच्या वाक्याला जर्मनीतून दुजोरा. इथे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात, आणि मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवली की तो एक तास कोणी बदलायचा याचा घोळ होतो. म्हणून परदेशातील वाचकांनी उलटे करावे: विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगांच्या नोंदवहीत) ‘रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल’ ही नोंद १ करून विंडोजलाच जागतिक वेळ मानायला लावावे. माझ्याकडे गेली काही वर्षे हेच चालू आहे.

टंकशाळा

मूळ प्रश्नात विचारलेले नाही, पण धागाकर्तीचा व्यवसाय पाहता पुढची पायरी हीच असणार, म्हणून लिहून ठेवतो.

मिंटमध्ये मराठी लिहिण्यासाठी काहीही विकत किंवा वेगळे उतरवून घ्यावे लागत नाही. कीबोर्डच्या मांडण्यांच्या यादीत मराठीसाठी सुधारित इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कगप अशा दोन्ही मांडण्या आहेत. इनस्क्रिप्टची सवय असेल तर बोटांना फरक जाणवणार नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र उमटवण्यासाठी शिफ्ट धरून र ची कळ दाबायची म्हणजे नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त आणि मग य. साध्या र ला हलन्त देऊन य लिहिला तर ‘सूर्य’मधला रफार उमटतो, आणि नवशिक्यांच्या मजकुरात ‘दुसर्या’ दिसते ते यामुळे. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी न ठेवता मराठी ठेवा. ज्या टंकांत सोय आहे त्यांत ल आणि श यांची मराठी वळणे त्यामुळे आपोआप येतात.

जुन्या फायलींबद्दल मात्र फार आशा बाळगू नका. लिब्रेऑफिस ४.४ या आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली उघडते हे खरे आहे, पण मांडणी थोडीफार विस्कटते आणि मजकूर रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या खिचडीसारखा दिसतो. याचे कारण असे की युनिकोडपूर्व टंकांत ‘क’ म्हणून वेगळा संकेतांक नसतोच. एखाद्या रोमन अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी क चे, नाहीतर नुसत्या काना-वेलांटीचे चित्र बसवलेले असते. टंक गेला की चित्र जाते आणि मागे चिन्हे उरतात. म्हणून ज्या मजकुराची पुन्हा गरज पडेल असे वाटते, तो विंडोजमध्येच रूपांतरकातून युनिकोडमध्ये काढून डी ड्राइव्हवर ठेवावा. तो मग दोन्हीकडे उघडेल.

अक्षरजुळणी

फास्ट स्टार्टअप बंद केल्यापासून डीवर दोन्हीकडून लिहिता येते, आणि घड्याळही तीन दिवस जागेवर आहे. मिंटमध्ये इनस्क्रिप्टही लगेच जमले. हा मजकूर तिथूनच लिहिते आहे आणि ‘दुसऱ्या’ नीट उमटते आहे.

टंकशाळा यांच्या सल्ल्याप्रमाणे जुना मजकूर युनिकोडमध्ये काढायला घेतला असून आरंभ २००९ सालच्या एका स्मरणिकेपासून केला आहे. रूपांतरक बहुतेक शब्द बरोबर आणतो, पण पहिली वेलांटी पुष्कळदा एक अक्षर पुढे सरकते आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, त्यामुळे ‘कार्यकारिणी’सारखा शब्द दर पानावर हाताने दुरुस्त करावा लागतो. शोधा-आणि-बदला वापरून हे एकगठ्ठा कसे करावे, यासाठी नमुन्याच्या ओळींसह वेगळा धागा उघडते.